कॅनडाचे पंतप्रधान (१८६७–२०२५)

कॅनडाच्या संघराज्याचे शासनप्रमुख. १ जुलै १८६७ रोजी जॉन ए. मॅकडोनाल्ड या पदावर आले; त्यांच्यापासून जस्टिन ट्रूडोंपर्यंत २३ जणांनी ते भूषवले. १४ मार्च २०२५ रोजी शपथ घेणारे मार्क कार्नी हे चोविसावे.

ज्या १८६७ च्या कायद्याने हे संघराज्य उभे राहिले, त्यात ‘पंतप्रधान’ हा शब्दच सापडत नाही. कार्यकारी सत्ता राणीची, ती वापरायची गव्हर्नर जनरलने आणि त्याला सल्ला द्यायचा प्रिव्ही कौन्सिलने, एवढेच तिथे लिहिले आहे. बाकी सगळे संकेतांवर चालते. पंतप्रधानाची जनतेकडून थेट निवड होत नाही, त्याला ठरावीक मुदत नाही आणि किती वेळा पदावर यावे यालाही बंधन नाही. आपल्या लोकसभेसारख्या असलेल्या हाउस ऑफ कॉमन्सचा विश्वास आणि स्वतःच्या पक्षाचे नेतृत्व या दोन गोष्टी हातात आहेत तोवर तो पंतप्रधान असतो. दोहोंपैकी एक सुटली की दुसरी फार दिवस टिकत नाही. म्हणून या माणसांची चरित्रे वाचताना ते पदावर कसे आले यापेक्षा पदावरून कसे गेले, याकडे जास्त बारकाईने पाहावे लागते.

पंतप्रधान खासदार असलाच पाहिजे, असाही लेखी नियम नाही. जॉन ॲबट (१८९१–९२) आणि मॅकेन्झी बोवेल (१८९४–९६) सेनेटमधून, म्हणजे वरच्या सभागृहातून, कारभार पाहत होते. जॉन टर्नर १९८४ मध्ये आणि कार्नी २०२५ मध्ये शपथ घेताना दोन्हीपैकी कोणत्याच सभागृहात नव्हते. अशा वेळी लवकरात लवकर एखादा मतदारसंघ मिळवून निवडून यावे, असा संकेत आहे.

मॅकडोनाल्ड आणि एक तार

मॅकडोनाल्ड यांचा जन्म १८१५ मध्ये ग्लासगोला झाला. पाच वर्षांचे असताना ते कॅनडातल्या किंगस्टनला आले आणि पंधराव्या वर्षी वकिलाच्या हाताखाली काम शिकू लागले. पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत रेल्वे नेण्याचे वचन देऊन त्यांनी ब्रिटिश कोलंबियाला संघराज्यात आणले आणि याच रेल्वेने त्यांचे पहिले सरकार बुडवले. १८७२ च्या निवडणुकीत कंत्राटाचे इच्छुक ह्यू ॲलन यांच्याकडून पक्षाला पैसा मिळत होता. ऑगस्टमध्ये मॅकडोनाल्ड यांनी ॲलन यांच्या वकिलाला तार केली : आणखी दहा हजार हवेत, ही शेवटची मागणी, आजच उत्तर द्या. वकिलाच्या कचेरीतून कागद चोरीला गेले, विरोधकांच्या हाती लागले आणि वर्तमानपत्रांत छापून आले. सभागृहात मतदान झाले तर हार निश्चित, हे दिसताच मॅकडोनाल्ड यांनी ५ नोव्हेंबर १८७३ रोजी राजीनामा दिला. ती तार ज्यांच्या नावे होती ते वकील म्हणजे जॉन ॲबट, पुढे मॅकडोनाल्ड यांच्याच जागेवर बसलेले. कॅनडात जन्मलेले ते पहिले पंतप्रधान.

मधली पाच वर्षे अलेक्झांडर मॅकेन्झी यांची. ते पेशाने गवंडी होते, दगड घडवणारे. गुप्त मतदान (१८७४) आणि सर्वोच्च न्यायालय (१८७५) ही त्यांची कामे. ‘सर’ हा किताब त्यांनी तीनदा नाकारला. १८७८ मध्ये मॅकडोनाल्ड परतले आणि ६ जून १८९१ रोजी पदावर असतानाच वारले. रेल्वे त्यांनी १८८५ मध्ये पुरी करून दाखवली. पण त्याच वर्षी चिनी स्थलांतरितांवर माणशी ५० डॉलरचा कर बसला आणि मेटी, म्हणजे मूलनिवासी व युरोपीय अशा मिश्र वंशाच्या, लोकांचे पुढारी लुई रिएल फासावर गेले. मूलनिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांची व्यवस्थाही याच काळात वाढीला लागली. राष्ट्र उभारणारा आणि हा अन्याय करणारा माणूस एकच आहे. त्यातला एक भाग झाकून दुसरा सांगता येत नाही.

त्यांच्यानंतर पाच वर्षांत चार पंतप्रधान झाले. ॲबट यांनी प्रकृतीमुळे पद सोडले. जॉन थॉम्पसन १२ डिसेंबर १८९४ रोजी विंडसरच्या राजवाड्यात, प्रिव्ही कौन्सिलची शपथ घेतल्यावर काही वेळातच, वयाच्या ४९ व्या वर्षी कोसळले. बोवेल यांना मॅनिटोबातील कॅथलिक शाळांच्या अनुदानाचा वाद सोडवता येईना, तेव्हा जानेवारी १८९६ मध्ये त्यांच्याच सात मंत्र्यांनी एकदम राजीनामे दिले. सभागृहातले बहुमत शाबूत, पण मंत्रिमंडळच उठून गेलेले, असा हा प्रसंग. चार्ल्स टपर आले, निवडणूक हरले आणि जेमतेम दहा आठवड्यांत गेले. इतका थोडा काळ या पदावर दुसरे कोणीही नव्हते.

मग विल्फ्रिड लॉरिए यांची सलग पंधरा वर्षे (१८९६–१९११) आणि रॉबर्ट बॉर्डन यांचा महायुद्धाचा काळ (१९११–२०). लॉरिए हे पहिले फ्रेंचभाषक पंतप्रधान. अमेरिकेशी व्यापारकराराच्या प्रश्नावर ते हरले. बॉर्डन यांनी १९१७ मध्ये सक्तीची सैन्यभरती आणली आणि इंग्रजी व फ्रेंच कॅनडात पडलेली फट पिढ्यान्‌पिढ्या भरली नाही. प्राप्तिकरही त्याच वर्षीचा. तो युद्धापुरता म्हणून आला आणि कायमचा राहिला.

१९२६ : एका मताचे सरकार

विल्यम लायन मॅकेन्झी किंग हे सर्वांत दीर्घकाळ, तीन खेपांत मिळून २१ वर्षांहून अधिक, पंतप्रधान होते. १८३७ च्या बंडाचे पुढारी विल्यम लायन मॅकेन्झी हे त्यांच्या आईचे वडील. हार्वर्डची डॉक्टरेट आणि कामगार खात्यातील नोकरी करून ते राजकारणात आले. १९१९ मध्ये लिबरल पक्षाने प्रतिनिधींचे अधिवेशन भरवून त्यांना नेता निवडले. तोवर नेता खासदारांच्या बैठकीत ठरत असे. हा बदल दिसतो त्याहून मोठा होता, कारण नेत्याला निवडणारे खासदारच उरले नाहीत, तेव्हा त्याला काढण्याचा त्यांचा अधिकारही ढिला पडला.

ऑक्टोबर १९२५ च्या निवडणुकीत सर्वाधिक जागा आर्थर मीएन यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला मिळाल्या, पण बहुमत मिळाले नाही. किंग स्वतःच्या मतदारसंघातही पडले. तरी शेतकऱ्यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या पाठिंब्यावर ते पदावर टिकून राहिले आणि प्रिन्स आल्बर्टमधून पोटनिवडणूक जिंकून सभागृहात परतले. पुढे जकात खात्यातला भ्रष्टाचार बाहेर आला. ठपक्याचा ठराव मंजूर होणार हे दिसताच किंग यांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड बिंग यांच्याकडे सभागृह विसर्जित करण्याची मागणी केली. बिंग यांनी ती नाकारली. किंग यांनी राजीनामा दिला आणि २९ जून १९२६ रोजी मीएन यांनी सूत्रे घेतली.

मीएन फसले ते एका जुन्या नियमात. पगारी मंत्रिपद स्वीकारणाऱ्या खासदाराची जागा तेव्हा आपोआप रिकामी होत असे आणि त्याला पुन्हा निवडून यावे लागे. त्यामुळे पंतप्रधान होताच मीएन स्वतः सभागृहाबाहेर गेले. आणखी पाच-सहा जण बाहेर गेले असते तर बहुमत संपलेच असते. म्हणून त्यांनी सहकाऱ्यांना शपथ न देता ‘कार्यवाहक मंत्री’ नेमले. किंग यांनी इथेच बोट ठेवले : हे जर खरे मंत्री असतील तर त्यांच्या जागा रिकाम्या झाल्या आहेत, नसतील तर खाती चालवण्याचा त्यांना अधिकार काय? २ जुलैला, मध्यरात्र उलटून गेल्यावर मतदान झाले. सरकार ९५ विरुद्ध ९६ मतांनी पडले. त्या ९६ मतांतले एक अशा प्रोग्रेसिव्ह खासदाराचे होते ज्याची ‘जोडी’ लागलेली होती. म्हणजे विरुद्ध बाजूचा एक खासदार गैरहजर असल्याने त्यानेही मत द्यायचे नाही, असा समझोता होता. तो मोडला गेला.

मग बिंग यांनी जे किंग यांना नाकारले होते तेच मीएन यांना द्यावे लागले. सप्टेंबरमध्ये निवडणूक झाली आणि किंग बहुमताच्या बळावर परतले. बिंग यांचा निर्णय संसदीय रीतीला धरून होता, असे मानणारे अभ्यासक बरेच आहेत आणि त्यांचा युक्तिवाद भक्कम आहे : ठपक्याचा ठराव समोर असताना निवडणुकीची पळवाट देणे म्हणजे सभागृहाचा अधिकार काढून घेणे. पण तेव्हापासून एकाही गव्हर्नर जनरलने पंतप्रधानाची विसर्जनाची मागणी नाकारलेली नाही. फेरनिवडणुकीचा तो नियम १९३१ मध्ये रद्द झाला.

किंग अविवाहित होते. १८९३ पासून १९५० पर्यंत ते रोजनिशी लिहीत राहिले. तिची पाने ३०,००० च्या घरात जातात. मृत आईशी संवाद साधण्याचे प्रयोग, पाठोपाठ पाळलेल्या तीन कुत्र्यांना दिलेले ‘पॅट’ हे एकच नाव, मंत्रिमंडळातली भांडणे, सगळे त्यात आहे. निवडक भाग सोडून ती नष्ट करावी, असे मृत्युपत्रात होते. विश्वस्तांनी ती राखली. विसाव्या शतकातील कॅनडाच्या राजकारणाचे इतके जवळून पाहिलेले दुसरे साधन नाही.

१९७९ : गॅलनमागे १८ सेंट

अल्पमतातले सरकार कसे चालवू नये, याचा धडा जो क्लार्क यांच्या कारकिर्दीत मिळतो. २२ मे १९७९ च्या निवडणुकीत २८२ पैकी १३६ जागा जिंकून त्यांनी पिअर ट्रूडो यांना हरवले. ४ जूनला, चाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यांनी शपथ घेतली. इतक्या लहान वयात पंतप्रधान झालेले ते एकटेच. पण त्यांनी बहुमत असल्यासारखाच कारभार करायचे ठरवले. संसद ऑक्टोबरपर्यंत बोलावली नाही. क्वेबेक या फ्रेंचभाषक प्रांतातल्या सोशल क्रेडिट पक्षाचे सहा खासदार निवडून आले होते. बारा जागांची अट शिथिल करून त्यांना अधिकृत पक्षाचा दर्जा देता आला असता, तो दिला नाही. डिसेंबरच्या अर्थसंकल्पात पेट्रोलवर गॅलनमागे १८ सेंटचा कर आला. ट्रूडो यांनी नेतेपद सोडत असल्याचे जाहीर केले होते, तेव्हा विरोधक निवडणूक ओढवून घेणार नाहीत, असा सरकारचा हिशेब होता.

१३ डिसेंबरला एन.डी.पी. (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) या डाव्या पक्षाच्या ठरावावर मतदान झाले. लिबरल पक्षाने आजारी खासदारांनाही उठवून आणले. सरकारकडे मात्र परराष्ट्रमंत्री फ्लोरा मॅकडोनाल्ड युरोपात होत्या आणि सोशल क्रेडिटचे उरलेले पाच जण तटस्थ राहिले. सरकार १३३ विरुद्ध १३९ मतांनी पडले. ते पाच आणि आपले गैरहजर सभासद आणले असते तर सरकार वाचले असते. फेब्रुवारी १९८० मध्ये ट्रूडो बहुमताने परतले. १७ एप्रिल १९८२ रोजी राज्यघटना कॅनडाच्या हाती आली आणि हक्कांची सनद लागू झाली ती याच दुसऱ्या खेपेत. डिसेंबरमधला तो ठराव फसला असता तर ते काम त्यांच्या हातून झाले नसते.

क्लार्क यांना पुढे पक्षानेही सोडले. १९८३ मध्ये विनिपेगच्या अधिवेशनात ६६.९ टक्के प्रतिनिधी त्यांच्या बाजूने होते. एवढे पुरेसे नाही असे मानून त्यांनी स्वतःच नेतेपदाची निवडणूक लावली आणि ब्रायन मल्रोनी यांच्याकडून हरले. नंतर त्याच मल्रोनींच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांनी १९८४ ते १९९१ अशी सात वर्षे चांगले काम केले.

मल्रोनींच्या वारसदार किम कॅम्पबेल, पहिल्या आणि आजवरच्या एकमेव महिला पंतप्रधान, १३२ दिवस पदावर राहिल्या. ७ टक्क्यांच्या वस्तू व सेवा कराचा आणि फसलेल्या घटनादुरुस्त्यांचा राग त्यांच्या वाट्याला आला. १९९३ मध्ये त्यांच्या पक्षाला देशभर १६ टक्के मते पडली, पण जागा मिळाल्या फक्त दोन. त्या स्वतःही हरल्या. त्याच वेळी साडेतेरा टक्के मतांवर क्वेबेकच्या ब्लॉक पक्षाने ५४ जागा नेल्या. मतदारसंघात पहिला येईल तो विजयी, या पद्धतीत एकवटलेली थोडी मते विखुरलेल्या अधिक मतांना भारी पडतात.

भारताशी आलेले संबंध

१९०८ च्या ‘थेट प्रवासा’च्या नियमाने मायदेशातून न थांबता येणाऱ्यांनाच प्रवेश होता. भारतातून अशी बोटच नसल्याने तो भारतीयांना रोखण्यासाठीच होता. त्या वेळी स्थलांतराच्या वाटाघाटींसाठी लंडनला गेलेले अधिकारी म्हणजे मॅकेन्झी किंग. १९१४ मध्ये ३७६ प्रवाशांची ‘कोमागाता मारू’ दोन महिने व्हँकुव्हरच्या बंदरात अडकून परत गेली तेव्हा बॉर्डन पंतप्रधान होते. संसदेत त्याबद्दल माफी मागितली ती जस्टिन ट्रूडोंनी, मे २०१६ मध्ये.

मुंबईचा संबंध तुर्भ्याच्या सायरस अणुभट्टीतून येतो. लुई सेंट लॉरेंट (१९४८–५७) यांच्या सरकारने कोलंबो योजनेखाली, म्हणजे राष्ट्रकुलातल्या विकासमदतीच्या योजनेखाली, दिलेली ही ४० मेगावॉटची भट्टी जुलै १९६० मध्ये सुरू झाली. पिअर ट्रूडो यांनी १९७१ मध्ये इंदिरा गांधींना पत्र लिहून ताकीद दिली होती; तरी १९७४ च्या पोखरण चाचणीतले प्लुटोनियम तिथलेच होते. कॅनडाने अणुसहकार्य थांबवले आणि ते पुन्हा मार्गी लावणारा करार स्टीफन हार्पर व मनमोहन सिंग यांच्या काळात, जून २०१० मध्ये झाला. सायरस त्याच वर्षअखेर बंद झाली.

समाधिस्थळे

दिवंगत पंतप्रधानांच्या थडग्यांची देखभाल व तिथले माहितीफलक यांसाठी कॅनडात १९९९ पासून सरकारी कार्यक्रम आहे. देशाबाहेर पुरलेले एकच : आर. बी. बेनेट. मंदीच्या काळात (१९३०–३५) लोकांच्या रोषाचे धनी झालेले बेनेट १९३९ मध्ये इंग्लंडला गेले ते तिथलेच झाले. जॉन डीफेनबेकर यांचा देह १९७९ मध्ये आगगाडीने सस्कॅटूनला नेऊन विद्यापीठाच्या आवारात पुरला. ऑटाव्यात लॉरिएंच्या थडग्याभोवती त्या काळच्या नऊ प्रांतांच्या नावाने नऊ शोकमग्न स्त्रिया कोरल्या आहेत. नोबेल शांतता पुरस्कार (१९५७) मिळवणारे आणि एकदाही बहुमत नसताना देशाला ध्वज, निवृत्तिवेतन योजना व आरोग्यसेवा देणारे लेस्टर पिअर्सन वेकफिल्डच्या टेकडीवरच्या लहानशा दफनभूमीत, परराष्ट्र खात्यातल्या आपल्या दोन जुन्या मित्रांच्या शेजारी आहेत.