कायदा मंजूर झाला, पण लागू झाला का?

१९ जून २०१७ ला कॅनडाच्या सी-६ विधेयकाला राजसंमती मिळाली. नागरिकत्वासाठी सहापैकी चार वर्षं देशात राहण्याची अट जाऊन पाचपैकी तीन वर्षं पुरणार, हे त्या दिवशी पक्कं झालं. अट मात्र त्या दिवशी बदलली नाही. ती बदलली ११ ऑक्टोबर २०१७ ला, म्हणजे ११४ दिवसांनी. 'कायदा झाला' आणि 'कायदा लागू झाला' या दोन गोष्टी एकच समजून अर्ज भरला की पैसे आणि महिने दोन्ही वाया जातात.

राजसंमती म्हणजे विधेयकाचा अधिनियम होणं. आपल्याकडे राष्ट्रपतींची सही होते, तेच हे. लागू होणं म्हणजे त्यातलं एखादं कलम प्रत्यक्ष अंमलात येणं, म्हणजे अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यावर ते बंधनकारक होणं. एकाच अधिनियमातली कलमं वेगवेगळ्या तारखांना लागू होऊ शकतात, आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे. सी-६ मधलं 'नागरिकत्व मिळाल्यावर कॅनडातच राहण्याचा इरादा हवा' ही अट काढणारं कलम राजसंमतीच्याच दिवशी लागू झालं. दिवसांची अट, आधीच्या तात्पुरत्या वास्तव्याचं श्रेय आणि भाषा व ज्ञान चाचणीची वयोमर्यादा (१४ ते ६४ ऐवजी १८ ते ५४) यांना ऑक्टोबर उजाडावा लागला. नागरिकत्व रद्द करण्याच्या नव्या पद्धतीसाठी तर २०१८ साल यावं लागलं. त्यामुळे 'कायदा लागू झाला का?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'माझं कलम लागू झालं का?' असं विचारायला हवं.

आता हिशेब बघू. समजा, एक बाई १० जानेवारी २०१३ ला वर्क परमिटवर टोरांटोला आली, १५ जानेवारी २०१५ ला तिला पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळालं आणि नंतर ती देशाबाहेर गेलीच नाही. २० जून २०१७ ला तिने अर्जावर सही केली, तर पीआर झाल्यानंतरचे दिवस भरतात ८८७. नव्या नियमात पीआरच्या आधी कायदेशीरपणे राहिलेल्या प्रत्येक दिवसाला अर्धा दिवस मिळतो, कमाल ३६५. तिचे आधीचे ७३५ दिवस आहेत, म्हणजे पूर्ण ३६५ पदरात. एकूण १,२५२. हवेत १,०९५, म्हणजे ती आरामात पात्र दिसते. पण २० जूनला चालू होता तो जुनाच नियम: पीआरनंतरचे १,४६० दिवस, आधीच्या दिवसांना शून्य श्रेय. त्या नियमात तिला ५७३ दिवस कमी पडतात. हाच अर्ज ११ ऑक्टोबरला केला तर ती पात्र, आणि जुनाच नियम राहिला असता तर तिला जानेवारी २०१९ पर्यंत थांबावं लागलं असतं. इतका मोठा फायदा समोर दिसत असताना चार महिने हात आवरणं सोपं नाही, हे मान्य. तरी आवरायचे. प्रौढ अर्जदाराची तेव्हाची फी ६३० डॉलर होती. त्यातले १०० नागरिकत्वाच्या हक्काचे, ते नकार आल्यावर परत मिळतात. तपासणी सुरू झाल्यावर उरलेले ५३० गेलेच.

ही मधली फट का राहते? नवे फॉर्म छापायचे असतात, दिवस मोजणारं ऑनलाइन गणकयंत्र बदलायचं असतं, अधिकाऱ्यांना शिकवायचं असतं, जोडीची नियमावली दुरुस्त करायची असते. म्हणून अधिनियमाच्या शेवटच्या भागात 'ही कलमं मंत्रिमंडळाच्या आदेशाने ठरेल त्या तारखेला लागू होतील' असं वाक्य घालतात. अटी कडक करणाऱ्या २०१४ च्या सी-२४ मध्ये राजसंमती आणि वास्तव्याच्या नव्या अटी यांच्यात जवळपास वर्ष गेलं: १९ जून २०१४ ते ११ जून २०१५. तिथे उलटी घाई योग्य होती, कारण ११ जूनच्या आधी पोचलेला अर्ज जुन्या, सौम्य अटींनी तपासला जाणार होता. नियम सैल होणार असेल तर थांबा, आवळणार असेल तर धावा.

राजसंमतीच्या आधीचा उशीर वेगळा, आणि तो अनेकदा जास्त लांबतो. सी-६ फेब्रुवारी २०१६ मध्ये मांडलं गेलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये खालच्या सभागृहात मंजूर झालं. त्यानंतर सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, ते मे २०१७ पर्यंत राहिलं. सिनेटने दुरुस्त्या केल्या, सरकारने चाचणीच्या वयोमर्यादेची दुरुस्ती नाकारली, विधेयक पुन्हा इकडून तिकडे गेलं. त्या काळात 'मंजूर झालं' ही बातमी तीन वेळा येऊ शकते आणि तिन्ही वेळा खरी असते. म्हणून बातमी वाचू नका, संसदेच्या लेजिसइन्फो या संकेतस्थळावर विधेयकाचा टप्पा बघा. राजसंमती दिसली की अधिनियमाचा मजकूर उघडून 'अंमलाची तारीख' सांगणारं शेवटचं कलम वाचा. तिथे आदेशाचा उल्लेख असेल तर तो आदेश कॅनडाच्या राजपत्रात येतो.

जर्मनीत हा घोळ कमी, कारण तारीख कायद्यातच असते. आठऐवजी पाच वर्षांची अट आणणारा कायदा २६ मार्च २०२४ ला प्रसिद्ध झाला आणि २७ जूनला लागू झाला. लोकांना तीन महिने आधी दिवस माहीत होता. पण तिथे दुसरी खाच आहे. कॅनडात दिवस मोजतात अर्जाच्या तारखेपासून मागे, तर जर्मनीत निकालाच्या दिवशी जो कायदा असेल तो लागतो. त्याच कायद्यातली, तिथल्या समाजात विशेष चांगलं मिसळलेल्यांना तीन वर्षांतच नागरिकत्व देणारी सवलत ऑक्टोबर २०२५ मध्ये काढून टाकली, तेव्हा आधीच अर्ज करून बसलेल्यांनाही ती उरली नाही. दोन्ही देशांत नातेवाईक असतील तर एकाचा सल्ला दुसऱ्याला देऊ नका.

भारताच्या नागरिकत्व सुधारणा कायद्याने तर तिसरी पायरी दाखवली. १२ डिसेंबर २०१९ ला राष्ट्रपतींची संमती, १० जानेवारी २०२० ला कायदा लागू, पण नियम अधिसूचित झाले ११ मार्च २०२४ ला. मधली चार वर्षं कायदा अंमलात होता आणि त्याखाली अर्ज करायला फॉर्मच नव्हता. उल्हासनगरात किंवा नागपूरच्या जरीपटक्यात पाकिस्तानातून आलेली जी सिंधी कुटुंबं आहेत, त्यांच्यासाठी 'कायदा लागू आहे' या वाक्याला तोवर काहीच अर्थ नव्हता. पहिली प्रमाणपत्रं दिल्लीत १५ मे २०२४ ला १४ जणांना मिळाली.

कॅनडात वाट पाहताना सगळ्यात जास्त नुकसान होतं ते लांबच्या सुट्टीने. पाच वर्षांची खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते. गावी तीन महिने काढले तर पुढून दिवस जमा होत नाहीत, आणि मागून जुने दिवस गळत राहतात. पीआरच्या आधीचे दिवस सगळ्यात जुने, म्हणून तेच आधी गळतात आणि अर्ध्या दिवसाचं श्रेय हळूहळू आटतं. सुटला तो दिवस आणि परतला तो दिवस, दोन्ही हजेरीत धरतात. ज्या दिवशी अर्जावर सही करता तो धरत नाहीत. नेमके १,०९५ भरले म्हणून अर्ज पाठवू नका. पासपोर्टवरचा एखादा शिक्का पुसट निघतो, नायगारा ओलांडून केलेली तीन-चार दिवसांची सहल आठवत नाही. तीन-चार आठवड्यांचे दिवस जास्तीचे ठेवा, प्रवासाची यादी तिकिटांवरून आत्ताच करून ठेवा, आणि फॉर्म मात्र कलम लागू झाल्याच्या दिवशी नव्याने उतरवून घ्या. महिनाभर आधी भरून ठेवलेला जुना फॉर्म तसाच परत येतो.