ख्रिस्तप्रतिमा आणि मूर्तिपूजा

येशू ख्रिस्ताची चित्रे, तसबिरी, पुतळे आणि ख्रिस्तदेह जडवलेला क्रूस यांना मिळून ख्रिस्तप्रतिमा म्हणतात. त्यांच्यापुढे गुडघे टेकणे, मेणबत्ती लावणे, त्यांचे चुंबन घेणे ही मूर्तिपूजा ठरते काय, हा वाद ख्रिस्ती धर्मात चौथ्या शतकापासून तरी निश्चित आढळतो. नागपुरात तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दोन वेगळ्या मिशनांबरोबर पोचला. मराठीत तो मांडू लागले की पहिली अडचण शब्दांचीच येते, म्हणून सुरुवात तिथून केलेली बरी.

मराठी बायबलात निर्गम २०:४ मध्ये ‘कोरीव मूर्ती’ असा शब्दप्रयोग आहे. मूळ हिब्रू शब्द ‘पेसेल’, म्हणजे उपासनेसाठी कोरून घडवलेली वस्तू. नव्या करारातला ग्रीक ‘एइडोलोन’ हा शब्दही मराठीत बहुधा ‘मूर्ती’च होतो. बायबलच्या ग्रीकमध्ये या शब्दातच निंदा आहे. खोटे, पोकळ रूप असा त्याचा भाव. मराठी ‘मूर्ती’ला असा डाग नाही. भाद्रपदाच्या आधी चितारओळीत गणपती ठरवायला जाणारा नागपूरकर हा शब्द प्रेमानेच उच्चारतो. उलट ख्रिस्ताला प्रेषित पौल आपल्या पत्रात जो शब्द लावतो तो ‘एइकोन’ (कलस्सैकरांस पत्र १:१५). मराठीत त्याचे ‘प्रतिरूप’ होते. ग्रीक वाचकापुढे निषिद्ध वस्तूचे नाव आणि ख्रिस्ताला लावलेले नाव असे दोन शब्द मुळातच वेगळे होते. मराठीत मूर्ती, प्रतिमा, तसबीर, पुतळा हे शब्द वेगळ्याच रेषेने विभागले जातात: पूजा होते ती मूर्ती, हार पडतो तो पुतळा. संविधान चौकातल्या डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला हजारो लोक हार घालतात, हात जोडतात. त्याला मूर्तिपूजा म्हणणे कोणाच्या मनातही येत नाही. ही भेदरेषा पुढील सगळ्या विवेचनात ध्यानात ठेवावी.

आज्ञेचा आवाका किती, यावर पहिला मतभेद आहे. दहा आज्ञांच्या गणतीत कॅथलिक व लूथरपंथीय प्राचीन धर्मपंडित ऑगस्टीनला अनुसरून ‘अन्य देव नकोत’ आणि ‘कोरीव मूर्ती नको’ ही एकच पहिली आज्ञा मानतात. कॅल्व्हिनपंथीय आणि अँग्लिकन दुसरी आज्ञा वेगळी मोजतात. वेगळी मोजली की प्रतिमा घडवणे हेच स्वतंत्र पाप ठरण्याकडे कल झुकतो. जोडून वाचली तर प्रतिमेचा निषेध अन्य देवांपुरता राहतो. दुसऱ्या वाचनाला निर्गम ग्रंथातूनच आधार मिळतो, कारण पाचच अध्यायांनंतर कराराच्या कोशावर (आज्ञांच्या पाट्यांच्या पेटीवर) सोन्याचे करूब, म्हणजे पंखधारी स्वर्गीय आकृती, घडवण्याची आज्ञा येते. मात्र अनुवाद ४:१५ मधला इशाराही तितकाच ठळक आहे: होरेब डोंगराजवळ देव बोलला तेव्हा तुम्हांला कोणतेही रूप दिसले नाही, म्हणून रूप घडवू नका.

प्रारंभीच्या ख्रिस्ती लोकांनी चित्रे मुळीच काढली नाहीत, हे जुने मत आता टिकत नाही. सिरियातील दुरा-यूरोपस येथील घरवजा उपासनास्थानात तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातली भित्तिचित्रे सापडली असून पक्षाघाती माणसाला बरे करणारा दाढी नसलेला ख्रिस्त त्यांत आहे. दुसऱ्या बाजूला स्पेनमधील एल्व्हिरा धर्मसभेचा छत्तिसावा नियम चर्चच्या भिंतींवर चित्रे नसावीत असे सांगतो. ही सभा साधारणतः ३०० ते ३०६ च्या सुमारास धरतात. तिच्या नावावरचे काही नियम नंतरचे असावेत, असेही एक मत आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनची बहीण कॉन्स्टान्शिया हिने ख्रिस्ताचे चित्र मागितले आणि बिशप व इतिहासकार युसेबियसने नकार दिला, हे पत्र प्रतिमाविरोधक नेहमी पुढे करतात. त्याच्या अस्सलपणाबद्दल वाद असला तरी ते खरे मानण्याकडे बहुसंख्यांचा कल आहे.

वादाचे मुख्य पर्व बायझंटाइन साम्राज्यातले. सम्राट तिसरा लिओ याने प्रतिमांविरुद्ध पहिले पाऊल ७२६ मध्ये उचलले की ७३० मध्ये, याविषयी एकमत नाही. राजवाड्याच्या दारावरची ख्रिस्तप्रतिमा उतरवल्याची प्रसिद्ध कथा प्रतिमासमर्थकांनी मागाहून लिहिलेल्या इतिवृत्तांतून येते आणि अलीकडचे अभ्यासक तिच्याकडे सावधपणे पाहतात. ७५४ च्या प्रतिमाविरोधी हिएरिया धर्मसभेने मांडलेला पेच मात्र आजही जड आहे. ख्रिस्तात देवत्व आणि मानवत्व एकवटले आहे. चित्रकाराने फक्त मानवत्व रंगवले तर त्याने ख्रिस्ताचे दोन तुकडे केले. दोन्ही रंगवल्याचा दावा केला तर अमर्याद देवत्वाला चौकटीत कोंबले. सभेच्या मते ख्रिस्ताची खरी प्रतिमा एकच, प्रभुभोजनातली भाकर. याला उत्तर पुढे थिओडोर स्टुडाइट या मठाधिपतीने दिले: चित्र स्वभावाचे (देवत्वाचे वा मानवत्वाचे) काढत नाहीत, व्यक्तीचे काढतात. मरियेच्या कुशीतून आलेल्या, भूक लागणाऱ्या, थकणाऱ्या एका व्यक्तीचे चित्र निघू शकत नसेल तर ती व्यक्ती देहात आलीच नाही, असे म्हणावे लागेल. प्रस्तुत लेखकाला हे उत्तर हिएरियाच्या पेचाहून भक्कम वाटते.

प्रतिमांचा कैवारी धर्मपंडित दमास्कसचा जॉन आणि त्यानंतर ७८७ ची प्रतिमासमर्थक दुसरी नायसिया धर्मसभा यांनी क्रियेत भेद केला. ‘लात्रेइया’ म्हणजे केवळ देवाला द्यायची आराधना; ‘प्रोस्किनेसिस’ म्हणजे वाकून केलेले वंदन, जे सम्राटाला, वडीलधाऱ्यांना, क्रुसाला आणि प्रतिमेलाही करता येते. प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीकडे जातो, हे चौथ्या शतकातल्या बिशप बासिलचे वचन सभेने आधाराला घेतले. घरातल्या थोरांना वाकून नमस्कार करणाऱ्या मराठी वाचकाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. लॅटिन वाचकाला मात्र तो पोचलाच नाही. सभेचा वृत्तांत रोममध्ये लॅटिनमध्ये उतरवताना प्रोस्किनेसिससाठी ‘अदोरातिओ’ हा शब्द आला, आणि तोच शब्द देवाच्या आराधनेलाही रूढ होता. पश्चिमेकडील फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या दरबारी धर्मपंडितांना वाटले की ग्रीकांनी चित्रांची आराधना करण्याचा हुकूम काढला आहे. त्यांनी चार खंडांचे खंडन लिहिले (कर्ता बहुधा ऑर्लेआंचा थिओडुल्फ, अल्क्विनचेही नाव घेतले जात असे) आणि ७९४ च्या फ्रांकफुर्ट सभेत ‘ग्रीकांचे’ मत धिक्कारले गेले. एका शब्दाच्या भाषांतराने पूर्व आणि पश्चिम यांच्यात अशी गैरसमजूत पसरवली. मराठीत ‘पूजा’ हा शब्द नेमके हेच करतो, म्हणून हा मुद्दा येथे विस्ताराने दिला आहे.

पश्चिमेत पुढे तेराव्या शतकातला धर्मपंडित तॉमस अक्वायनस याने निराळा मार्ग धरला. लाकूड म्हणून प्रतिमेला काहीच मान नाही. प्रतिमा म्हणून पाहिले तर मन तिच्यावर न थांबता ख्रिस्ताकडे जाते, तेव्हा ख्रिस्ताच्या प्रतिमेला ख्रिस्ताचीच आराधना द्यावी, असे तो म्हणतो. हे विधान नायसियाच्या शब्दांशी सरळ जुळत नाही आणि प्रॉटेस्टंट टीकेचे ते आवडते लक्ष्य ठरले. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) कॅथलिक विधीत याची छाया दिसते. झाकलेल्या क्रुसावरचे वस्त्र तीन टप्प्यांत दूर होते, मग लोक रांगेने पुढे येतात, एक गुडघा टेकून ख्रिस्ताच्या पायांचे चुंबन घेतात आणि शेजारी उभा असलेला सेवक प्रत्येक चुंबनानंतर फडक्याने पाय पुसतो. एरवी असा गुडघा टेकतात तो पवित्र भाकरीपुढे. त्या दिवसापासून पास्काच्या (ईस्टरच्या) जागरणापर्यंत तो मान क्रुसालाही असतो. कॅथलिक चर्चच्या त्रेंत धर्मसभेने १५६३ मध्ये स्पष्ट केले की प्रतिमेत कोणतेही देवत्व वा सामर्थ्य नसते आणि तिच्याकडे काही मागायचे नसते. म्हणूनच कॅथलिक विधीत पुतळ्याला आशीर्वाद देतात. त्याचा प्राणप्रतिष्ठेशी संबंध नाही.

धर्मसुधारकांत लूथर सौम्य होता. १५२२ मध्ये विटेनबर्गमधील मूर्तिभंजन त्याने थांबवले. स्वित्झर्लंडमधले झ्विंग्ली आणि कॅल्व्हिन यांनी चर्चेसमधल्या प्रतिमा काढायला लावल्या. सर्वांत कडक भाषा कॅल्व्हिनच्या वळणाने चाललेल्या वेस्टमिन्स्टर धर्मसभेच्या मोठ्या प्रश्नोत्तरीत (१६४०च्या दशकाची अखेर) सापडते: त्रैक्यातील (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) कोणत्याही व्यक्तीचे रूप बाहेर घडवू नये, मनातही रेखू नये.

नागपूरशी या वादाचे नाते वरवर वाटते त्याहून जुने आहे. शहरातले कॅथलिक काम सवॉयमधील (आता फ्रान्समध्ये) आनेसी येथून आलेल्या संत फ्रान्सिस द सेल्सच्या मिशनरींनी उभे केले; धर्मप्रांत १८८७ चा, महाधर्मप्रांत १९५३ चा. सेमिनरी हिल्स हे टेकडीचे नाव संत चार्ल्स सेमिनरीवरून पडले. सदरमधील कॅथेड्रल ज्या संताच्या नावाचे आहे, त्या फ्रान्सिसने (१५६७–१६२२) क्रुसाच्या सन्मानाचे समर्थन करणारा आख्खा ग्रंथ १६०० मध्ये प्रसिद्ध केला. तो जिनिव्हातून निघालेल्या एका निनावी कॅल्व्हिनवादी पत्रकाचे उत्तर होता. जिनिव्हाची तीच शिकवण धर्मसुधारक जॉन नॉक्सने स्कॉटलंडला नेली, आणि तिचे वेस्टमिन्स्टरी रूप घेऊन फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) १८४५ मध्ये नागपुरात आला. हिस्लॉपची आठवण इथे भूशास्त्रज्ञ म्हणून आणि १८८३ मध्ये निघालेल्या हिस्लॉप कॉलेजमुळे राहिली. आनेसी आणि जिनिव्हा यांच्यात जेमतेम चाळीस किलोमीटरचे अंतर. तिथले भांडण असे सदर आणि सिव्हिल लाइन्समध्ये शेजारी राहायला आले, ही गोष्ट स्थानिक लेखनात जितकी यायला हवी तितकी आलेली नाही.

घराघरांत हा फरक अजून दिसतो. कॅथलिक घरात दर्शनी भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर, खाली छोटा लाल दिवा, खिळ्याला जपमाळ. प्रॉटेस्टंट घरात त्याच जागी बायबलवचनाचे कॅलेंडर आणि असलाच तर रिकामा क्रूस. बोलण्यातही कॅथलिक ‘क्रूस’ म्हणतात, तर प्रॉटेस्टंट उपासनेत मराठी बायबलातला ‘वधस्तंभ’ ऐकू येतो.

मराठी ख्रिस्ती साहित्याने प्रतिमेची वाट शब्दांतून काढली. थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणानंतर (१६१६) याचे मोठे उदाहरण नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, तिथून त्यांचा प्रवास वळला. त्यांच्या अभंगांतला ख्रिस्त संतांच्या विठ्ठलासारखा माउली होतो, जवळ घेतो. मनातही रूप रेखू नये हा नियम अक्षरशः लावला तर ही कविताच उरणार नाही. तरी प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीच ती सर्वाधिक गायिली.

विदर्भाला अशा भेदाची सवय आहे. महानुभाव पंथ देवतामूर्ती पुजत नाही, पण चक्रधरांचे पाय लागलेल्या स्थानांना, तिथल्या ओट्यांना नमस्कार करतो. १९५६ च्या धर्मांतरानंतर नागपूरच्या वस्त्यावस्त्यांत बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती व फुले ठेवून होते ती ‘वंदना’; देवाकडे मागणे तीत नाही, जरी पुष्प अर्पण करतानाच्या पाली गाथेत ‘पूजयामि’ हेच क्रियापद आहे. नायसियाचा भेद समजावण्यासाठी याहून जवळचे उदाहरण मराठीत मिळणार नाही.

प्रतिमासमर्थकांनी टाळू नये असा उतारा २ राजे १८:४ हा आहे. मोशेने देवाच्याच आज्ञेने घडवलेला पितळी सर्प लोकांनी जपून ठेवला, पुढे त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडला. वस्तू तीच राहिली होती, तिच्यापुढची क्रिया बदलली होती. तसबिरीला नवस बोलला जाऊ लागला की कॅथलिक शिकवणीप्रमाणेही मर्यादा ओलांडली जाते.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातील ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, प्रेसबिटेरियन-काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, मेथडिस्ट आणि डिसायपल्स त्यांत होते. हिस्लॉपच्या परंपरेतील मंडळ्या आणि रंगीत काचचित्रांची सवय असलेले अँग्लिकन त्या दिवसापासून एकाच संस्थेत आहेत. वेदीवर बहुतेक ठिकाणी रिकामा क्रूसच असतो. नव्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांच्या सभागृहांत अनेकदा तोही नसतो. समोर व्यासपीठ, वाद्ये आणि भिंतीवर एखादे वचन.