कोरियातला 'वाऱ्याचा' आजार आणि त्याचं बिल

"गार जमिनीवर झोपलास तर तोंड फिरेल!" कोरियात घरातली मोठी माणसं मुलांना हमखास देतात ती ही ताकीद. तोंड फिरण्याच्या या आजाराचं तिथलं जुनं नाव 'कुआनवासा'. चिनी लिपीतल्या चार अक्षरांचं ते नाव आहे: तोंड, डोळा, वाकडं, तिरपं. बोलताना 'वासाफुंग' असंही म्हणतात आणि त्यातला 'फुंग' म्हणजे वारा. आपल्याकडे कुणाला पक्षाघात झाला की जुनी माणसं 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. आयुर्वेदही चेहऱ्याच्या या लकव्याला 'अर्दित' म्हणून वातव्याधींमध्येच बसवतो. इतक्या दूरच्या दोन समाजांनी एकाच आजाराचा दोष वाऱ्यावर टाकावा, याचं मला फार कुतूहल वाटतं. एका रात्रीत, काही न लागता-सवरता निम्मा चेहरा हातचा जातो. संशय न दिसणाऱ्या गोष्टीवरच जाणार.

खरी गोष्ट मात्र हाडातल्या एका अरुंद बोळात घडते. मेंदूतून निघालेली चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या सुमारे ३ सेंटिमीटर लांबीच्या नळीतून बाहेर येते. या नळीचा सगळ्यात चिंचोळा भाग १ मिलिमीटरपेक्षाही कमी रुंद असतो. नसेला सूज आली की तिला फुगायला जागाच नसते. ती हाडावर दाबली जाते, तिचा रक्तपुरवठा तुटू लागतो आणि चेहऱ्याकडे जाणारा निरोप मध्येच थांबतो. मग चूळ भरताना पाणी ओघळतं, डोळा मिटत नाही. याच नसेच्या फांद्या जिभेकडे आणि कानातल्या एका इवल्या स्नायूकडेही जातात. म्हणून काहींची चव जाते, तर काहींना भांड्याचा साधा आवाजही असह्य होतो. चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने १८२१ मध्ये या नसेचं काम मांडलं, म्हणून या आजाराला 'बेल्स पाल्सी' म्हणतात. दर वर्षी लाखात साधारण १५ ते ३० जणांना तो होतो. सूज का येते याचा सगळ्यात मोठा संशय ओठांवर फोड उठवणाऱ्या हर्पिसच्या विषाणूवर आहे. हा विषाणू वर्षानुवर्षं नसेत झोपून असतो आणि कधीतरी जागा होतो.

इथे एक गोष्ट थांबून सांगायलाच हवी. तोंड वाकडं झालेल्या माणसाला आधी कपाळाला आठ्या घालायला सांगा. बेल्स पाल्सीत त्या बाजूचं कपाळही हलत नाही. तोंड वाकडं आहे पण कपाळ दोन्ही बाजूंनी नीट हलतंय, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. कपाळाला मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून आज्ञा मिळते, त्यामुळे एक बाजू बंद पडली तरी ते चालू राहतं. ही घरगुती खूण निदान नव्हे, आणि दोन्हींपैकी काहीही असलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर एक मिनिटही घालवायचं नाही.

दक्षिण कोरियात हा रोगी घराबाहेर पडला की त्याच्यापुढे दोन दारं असतात, आणि दोन्ही सरकारमान्य. १९५१ च्या कायद्याने तिथे आधुनिक डॉक्टर आणि पारंपरिक कोरियन वैद्य, म्हणजे 'हानुइसा', असे दोन स्वतंत्र परवाने आले. हानुइसा सहा वर्षांचं विद्यापीठातलं शिक्षण घेतो. त्याच्या परंपरेचा मोठा आधार म्हणजे राजवैद्य हो जुन याने रचलेला आणि १६१३ मध्ये छापला गेलेला 'तोंगुइ बोगाम' हा ग्रंथ. १९८७ पासून हानुइसाचे उपचार देशभर राष्ट्रीय आरोग्य विम्यात आहेत. सुया, औषधी पाल्याचा जळता शेक, तुंबड्या, काही ठरावीक चूर्णं, हे सगळं विम्यात. साध्या दवाखान्यात रुग्णाने साधारण ३० टक्के भरायचे, बाकीचे विमा देतो.

चेहऱ्याचा लकवा हे या दाराने आत जाण्याचं एक नेहमीचं कारण आहे. सुया टोचायच्या जागा ठरलेल्या: ओठांचा कोपरा, जबड्याचा कोन, भुवईच्या वर, हाताच्या अंगठा-तर्जनीमधली जागा. कानाच्या पाळीमागच्या बिंदूचं नाव आहे 'येफुंग', म्हणजे वाऱ्याचा आडोसा. चेहऱ्याची नस हाडातून बाहेर पडते ती जवळजवळ तिथेच. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांना नसेचा मार्ग माहीत नव्हता, तरी बोट बरोबर जागी पडलं होतं. औषधांमध्ये एका जुन्या चूर्णाचं नावच 'ओढून सरळ करणारं' असं आहे. त्यात एका मुळीबरोबर बुरशी लागून मेलेले रेशीमकिडे आणि विंचू असतात.

या सुयांनी चेहरा सरळ होतो का? हा प्रश्न सोडवणं फार अवघड आहे, कारण हा आजार बहुतेकांचा आपोआप बरा होतो. डेन्मार्कमधल्या पायटरसन या डॉक्टरांनी काहीही औषध न दिलेल्या १,७०१ रुग्णांची नोंद ठेवली होती. त्यातल्या ७१ टक्के रुग्णांचा चेहरा पूर्ववत झाला, आणि ८५ टक्के रुग्णांमध्ये पहिल्या तीन आठवड्यांतच सुधारणा दिसू लागली होती. आता याच तीन आठवड्यांत कुणी आठवड्यातून तीनदा सुया टोचून घेतल्या, तर श्रेय कुणाला मिळेल? सुईलाच. रुग्ण खोटं बोलत नसतो. त्याने जे पाहिलं तेच तो सांगतो.

म्हणून तुलना करून केलेले प्रयोग लागतात. २००७ मध्ये स्कॉटलंडमध्ये ५५१ रुग्णांवर असा प्रयोग झाला. पहिल्या ७२ तासांत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलेल्यांपैकी ९४.४ टक्के नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले. ते न मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ८१.६ टक्के होतं. शंभरात तेरा चेहऱ्यांचा हा फरक दहा दिवसांच्या स्वस्त गोळ्यांचा आहे. अॅक्युपंक्चरचे, म्हणजे सुया टोचण्याचे, प्रयोग २०१० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी चाळले. सहा अभ्यास आणि ५३७ रुग्ण मिळाले, पण निष्कर्ष काढावा असा त्यांचा दर्जाच नव्हता. २०१३ मध्ये चीनमधला ३३८ रुग्णांचा एक चांगला प्रयोग आला. सुई फिरवून जोरात चेतना दिलेल्यांचा चेहरा नुसती सुई टोचलेल्यांपेक्षा जास्त सुधारला, असं त्यात दिसलं. पण सुया दोन्ही गटांना होत्या. सुईच नाही असा गट नव्हता, त्यामुळे मूळ प्रश्न तिथेच राहिला.

मला काळजी वाटते ती वेळेची. कोरियन कायद्यानुसार हानुइसा स्टेरॉइड लिहून देऊ शकत नाही. 'तोंड फिरलं म्हणजे सुया' हे लहानपणापासून ऐकलेला माणूस पहिले तीन-चार दिवस एकाच दाराशी गेला, तर ते ७२ तास निघून जातात. ही किंमत कुठल्याच पावतीवर येत नाही. एकाच ठिकाणी दोन्ही शाखांचे डॉक्टर रुग्णाला मिळून पाहतात अशा सहउपचाराचे सरकारी प्रयोग २०१६ पासून तिथे सुरू आहेत, आणि या आजारात मला तोच रस्ता शहाणपणाचा वाटतो. दोन्ही दारांनी जाणारे रुग्ण तिथे पुष्कळ आहेत. त्यांना निदान एका दारावर दुसऱ्याची पाटी दिसायला हवी.

पावतीवर येणाऱ्या खर्चाची गोष्टही सरळ नाही. कोरियात राष्ट्रीय आरोग्य विमा चालवणारी संस्था एकच, सरकारी. त्यामुळे विम्यातल्या प्रत्येक सुईची नोंद एका ठिकाणी जमते आणि संशोधक त्यावरून खर्चाचे हिशेब मांडतात. पण त्या वहीत फक्त विम्यातले उपचार असतात. रुग्णासाठी खास उकळून, पुड्यांमध्ये भरून घरी दिला जाणारा काढा, ज्याला 'चोप्याक' म्हणतात, तो कितीतरी वर्षं विम्याबाहेर होता. खिशाला सगळ्यात जड पडणारी गोष्ट हिशेबात नव्हतीच.

नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने प्रायोगिक तत्त्वावर काढे विम्यात आणले ते तीनच दुखण्यांसाठी: मासिक पाळीतल्या वेदना, ६५ वर्षांवरच्यांना मेंदूच्या झटक्यानंतर उरणारे त्रास, आणि चेहऱ्याचा लकवा. तेव्हा निम्मे पैसे रुग्णाचे होते, तेही वर्षाला दहा दिवसांच्या काढ्यापुरतेच. याला आधुनिक डॉक्टरांचा विरोध इतका तीव्र होता, की त्या ऑगस्टमधल्या देशव्यापी संपाच्या चार कारणांपैकी हे एक होतं. परिणाम आणि सुरक्षितता सिद्ध झाल्याशिवाय सार्वजनिक पैसा घालू नका, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. पण दुसरी बाजूही दिसते. लोक काढा घेतच होते, आणि तो नोंदीत आल्याशिवाय कोण किती घेतो, त्याचं काय होतं, हे कळणार कसं? एप्रिल २०२४ मध्ये योजना सहा दुखण्यांपर्यंत वाढली.

ज्यांचा चेहरा पहिल्या काही महिन्यांत परत येतो, त्यांचं बिल तिथेच थांबतं. ज्यांचा येत नाही, त्यांची नस दिवसाला जेमतेम मिलिमीटरच्या गतीने पुन्हा वाढते आणि कधी चुकीच्या स्नायूला जाऊन मिळते. मग हसताना डोळा मिटतो, घास चावताना डोळ्यात पाणी येतं. अशा रुग्णांसाठी कोरियन दवाखान्यांत गालाच्या त्वचेखाली विरघळणारे बारीक धागे सुईने सोडतात. महिनोन्‌महिने आशेने तिथे जाणारे हेच लोक. त्या धाग्यांचा दर प्रत्येक दवाखाना आपापला ठरवतो, आणि तो विम्याच्या वहीत आजही येत नाही.