व्हेरिओचा काटा शांत करायचा, पण किती?

विमान जोरात हादरलं की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'एअर पॉकेट' हमखास असतं. वाचणाऱ्याला वाटतं, आकाशात कुठेतरी हवाच नसलेला खड्डा असतो आणि विमान त्यात पडतं. असा खड्डा नसतो. हवा असतेच, फक्त ती वर किंवा खाली सरकत असते. प्रवासी विमानाला या हालचालीचा त्रास होतो, ग्लायडर मात्र तिच्याच जिवावर उडतं. त्याला इंजिन नाही. शांत हवेत ते सतत खाली येत असतं. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा, म्हणजे थर्मल, सापडली की त्यात घिरट्या घालून उंची कमवायची.

थर्मल डोळ्यांना दिसत नाही, ते व्हेरिओमीटर, थोडक्यात व्हेरिओ, दाखवतं. १९२०च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट क्रोनफेल्डसारखे वैमानिक ते वापरू लागले. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो, आणि तो किती वेगाने कमी होतोय यावरून चढण्याचा वेग कळतो. समुद्रसपाटीजवळ दर मीटरला सुमारे १२ पास्कल, तेही एक लाखाहून जास्त पास्कलच्या एकूण दाबात.

खरी गंमत इथे सुरू होते. समजा, दाबाचा सेन्सर सेकंदाला ५० वेळा वाचन देतो आणि त्यातलं एक वाचन १ पास्कलने चुकलं. उंचीत फरक जेमतेम ८ सेंटिमीटरचा, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण वेग काढताना या ८ सेंटिमीटरना दोन वाचनांमधल्या वेळाने, म्हणजे ०.०२ सेकंदाने भागावं लागतं. उत्तर येतं सेकंदाला ४ मीटर! ग्लायडर जमिनीवर उभं, आणि काटा सांगतोय की झकास थर्मल लागलंय. दोष सेन्सरपेक्षा त्या भागाकाराचा आहे.

उपाय जुना आणि एका ओळीचा. नव्या वाचनावर पूर्ण विश्वास टाकायचा नाही. आधी दाखवलेला आकडा आणि नवा आकडा यांच्यातल्या फरकाचा फक्त शंभरावा भाग जुन्यात मिळवायचा. वरची ४ मीटरची उसळी लगेच ४ सेंटिमीटरवर येते. किंमत मोजायची ती वेळात. या रीतीला फिल्टर म्हणतात. त्याचा कालस्थिरांक इथे २ सेकंद होतो, म्हणजे खरोखर थर्मल लागलं तर २ सेकंदांनी काटा खऱ्या आकड्याच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोहोचतो.

दोन सेकंदांचं काय एवढं? ग्लायडर एक घिरटी साधारण २४ सेकंदांत पुरी करतं असं धरू. थर्मलच्या एका बाजूला जोर जास्त असेल, तर काटा दर घिरटीला एकदा वर जाईल, एकदा खाली. गणित सांगतं की २ सेकंदांच्या फिल्टरमुळे हा चढउतार सुमारे २८ अंश मागे पडतो. काटा आणखी शांत हवा म्हणून फिल्टर ५ सेकंदांचा केला, तर ५३ अंश. शिवाय जोरदार आणि कमजोर बाजूंमधला फरक निम्म्याहून थोडाच जास्त दिसतो. वैमानिक काट्यावर विसंबून घिरटी सरकवतो, आणि ती सरकते भलत्याच दिशेला. म्हणून 'थरथर शून्य, विलंबही शून्य' अशी जाहिरात दिसली की मी पान उलटतो. फक्त मागचं पाहणारा फिल्टर उशीर केल्याशिवाय गुळगुळीत करू शकत नाही. उड्डाण संपल्यावर संगणकावर ते जमतं, कारण तेव्हा पुढची वाचनंही हाताशी असतात.

मग ५ सेकंदांच्या फिल्टरचा मोह होतो तरी का? कारण हवेतली सगळी थरथर सेन्सरची नसते. स्टिक, म्हणजे विमान हाकायचा दांडा, मागे ओढली की ग्लायडर वेग खर्चून उंची घेतं. ताशी १४४ किलोमीटरवरून १०८वर येताना जवळपास ३५ मीटर. हा फुकटचा 'चढ' काट्यावर दिसू नये म्हणून व्हेरिओ उंची आणि वेग यांची एकत्रित ऊर्जा मोजतं. युक्ती छानच, पण ताशी १०८ किलोमीटरने उडताना समोरून सेकंदाला १ मीटरची आडवी झुळूक आली की हवेच्या तुलनेतला वेग तेवढ्याने वाढतो आणि उपकरण ती वाढ ३ मीटर उंचीइतकी धरतं. झुळूक एका सेकंदात आली तर काटा सेकंदाला ३ मीटरने उसळतो, वर चढणारी हवा नसतानाही. सेन्सर कितीही महागाचा घ्या, ही उसळी राहणारच.

इथे ॲक्सिलरोमीटर, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतोय ते मोजणारं उपकरण, कामी येतं. वर येणारी हवा पंखाखाली शिरली की उचल एकदम वाढते आणि धक्का तत्क्षणी बसतो; आडव्या झुळकेचा धक्का त्या मानाने बराच कमी. बसल्या जागी थर्मल ओळखणाऱ्या वैमानिकांची 'सहावी जाणीव' ती हीच; कानातलं संतुलनाचं इंद्रिय हा धक्का टिपतं, त्यात चमत्कार काही नाही. पण ॲक्सिलरोमीटर भरकटतं. वेग दर सेकंदाला फक्त ०.०५ मीटर प्रति सेकंदाने चुकत गेला, तरी मिनिटभरात ती चूक साठून वेगात सेकंदाला ३ मीटरची खोट येते. म्हणून क्षणाक्षणाचे बदल त्याच्याकडून घ्यायचे आणि दूरचा हिशेब दाबाकडून. कुणाचं किती ऐकायचं हे प्रत्येक वाचनागणिक ठरवण्याची रीत रुडॉल्फ कालमान यांनी १९६० मध्ये मांडली, तोच कालमान फिल्टर. त्याला ग्लायडर किती कललंय हेही कळावं लागतं, कारण ४५ अंशांच्या घिरटीत वजन १.४ पट भासतं. त्यासाठी जायरोस्कोप.

एवढं करूनही बऱ्याच व्हेरिओंमध्ये जलद काट्याच्या शेजारी २० ते ३० सेकंदांची साधी सरासरी दाखवणारा आकडा असतोच. घिरटी कुठे सरकवायची हे काटा सांगतो. या थर्मलमध्ये थांबायचं की पुढचं शोधायला निघायचं, हे तो आकडा पाहून ठरवायचं.