‘एकदम सिरीयस’ म्हणजे नेमकं काय?

“सकाळी चहा घेतला, माझ्याशी बोलले, आणि रात्री एकदम सिरीयस झाले हो!” सोलापुरात अक्कलकोट, बार्शी, पार कलबुर्गीहून पेशंट येतात, वॉर्डाबाहेर चादर अंथरून बसलेल्या नातेवाइकांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. मग कुणी अमावस्येवर खापर फोडतं, कुणी डॉक्टरवर. अमावस्येचा काडीचा संबंध नाही. काही आजार खरोखरच अचानक गाठतात, पण बऱ्याचदा शरीर काही तास आधीपासून कुरकुरत असतं.

ती कुरकुर मोजायला लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये ‘न्यूज’ (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर, म्हणजे धोक्याची आगाऊ सूचना देणारे गुण) नावाचा तक्ता काढला, २०१७ मध्ये तो सुधारला. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, ताप, शुद्ध. जेवढी गडबड तेवढे गुण, प्रत्येकी शून्य ते तीन. बाहेरून ऑक्सिजन लावला असेल तर आणखी दोन.

समजा, श्वास मिनिटाला २४ (२ गुण), ऑक्सिजन ९५ (१), वरचं बीपी १०८ (१), नाडी १०४ (१), ताप ३८.४ सेल्सिअस (१). सुटा एकही आकडा घाबरवत नाही. बेरीज मात्र सहा! पाच किंवा जास्त झाले की डॉक्टरांनी तातडीने बघायचं, सात किंवा जास्त झाले की अतिदक्षता पथक बोलवायचं.

यात माझा लाडका आकडा श्वासाचा. जंतुसंसर्गात पेशींचं गणित बिघडलं की रक्तात लॅक्टिक आम्ल साचतं. मानेतल्या धमनीजवळचे चिमुकले संवेदक ते ओळखतात आणि मेंदू श्वास वाढवतो. जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर, म्हणजे रक्तातलं आम्ल तेवढं कमी. बीपी मात्र टिकून राहतं, कारण रक्तवाहिन्या आवळतात, हृदय जोरात पळतं. ही सगळी धडपड थकली की मग बीपी कोसळतं. त्यालाच आपण ‘एकदम’ म्हणतो.

आणि नेमका हाच आकडा केसपेपरवर अनेकदा अंदाजाने लिहिला जातो. श्वास मोजायला घड्याळ आणि पूर्ण एक मिनिट पुरतं, पण एका सिस्टरच्या गळ्यात अख्खा वॉर्ड असला की ते मिनिट आणायचं कुठून? अशाच आकड्यांवरून भाकीत करणाऱ्या यंत्रांच्या, ‘एआय सांगणार मृत्यूची वेळ’ छापाच्या बातम्यांत हे येत नाही. अंदाजे भरलेल्या आकड्यांवर यंत्र तरी काय सांगणार?

या गुणांतून रोगाचं नाव कळत नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायांना हा तक्ता चालत नाही. सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या पेशंटपैकी काहींना ऑक्सिजनची वेगळी पट्टी लागते.

नातेवाइकांच्या हातातली एक गोष्ट: नीट बोलणारे आजोबा अचानक भलतंच बरळू लागले, तर त्या एकट्या लक्षणाला तीन गुण आहेत. वय झालं म्हणून सोडू नका, सिस्टरला लगेच सांगा.