गोल विणकाम

गोल विणकाम : सुयांवर टाके घालून, काम न उलटता, एकाच दिशेने फिरत नळीच्या आकाराचे वस्त्र विणण्याची पद्धत. मोजे, टोपी आणि गळ्याभोवती घालायचे काउल ही तिची तीन ठळक रूपे होत. मराठीत ‘विणकाम’ हा शब्द मागावरच्या कापडापासून खाटेच्या नवारीपर्यंत सगळ्यालाच लागतो. या नोंदीत तो लोकरीच्या सुयांवर एकाच सलग धाग्याच्या फासात फास अडकवत जाणाऱ्या कामापुरता वापरला आहे. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांना काटकोनात छेदतात, त्यामुळे ते फारसे ताणले जात नाही. सुईच्या विणीतला प्रत्येक टाका मात्र धाग्याचा एक वळसा असतो. ओढला की तो रुंदावतो आणि सोडला की मिटतो. विणलेला मोजा पायाला चिकटून बसतो तो या गुणामुळे, आणि मोजे, टोप्या व काउल यांची रचना करणे म्हणजे मुख्यतः याच गुणाचा हिशेब मांडणे होय.

सपाट विणीत गुळगुळीत वीण हवी असेल तर एक ओळ सुलट (नवा फास मागून पुढे ओढून), दुसरी उलट (पुढून मागे ओढून) असे आलटून पालटून विणावे लागते, कारण प्रत्येक ओळीनंतर काम फिरवले जाते. गोल विणीत कामाची दर्शनी बाजू सतत विणणाऱ्याकडेच राहते, म्हणून नुसते सुलट टाके विणत गेले तरी तीच गुळगुळीत वीण मिळते आणि शेवटी शिवण घालावी लागत नाही. या सोयीला एक बारीकशी किंमत आहे. फेरा संपतो असे आपण म्हणतो खरे, पण प्रत्यक्षात धागा स्प्रिंगसारखा वर चढत असतो. त्यामुळे रंगीत पट्टे विणताना फेऱ्याच्या सांध्यावर रंगाची पायरी दिसते. ती लपवण्यासाठी नव्या रंगाच्या दुसऱ्या फेऱ्यातला पहिला टाका न विणता नुसता उचलून घेण्यासारख्या युक्त्या वापरतात.

साधने थोडी लागतात. दोन्ही टोकांना अणकुचीदार असलेल्या चार किंवा पाच आखूड सुयांचा संच हे जुने साधन. त्यातल्या एका सुईने विणायचे आणि बाकीच्यांवर टाके वाटून ठेवायचे. लवचीक तारेने जोडलेल्या दोन टोकांची गोल सुई नंतर आली. तार लांब, म्हणजे ८० ते १०० सेंमी असेल, तर तिचा वळसा बाजूला ओढून घेऊन मोज्यासारखी अरुंद नळीही तिच्यावर विणता येते. सुयांच्या क्रमांकांबाबत सावध राहणे बरे. भारतीय दुकानांत जुने ब्रिटिश क्रमांक अजून चालतात आणि त्यांत आकडा वाढतो तशी सुई बारीक होते : १४ नंबरची सुई २ मिमी, १० नंबरची ३.२५ मिमी आणि ८ नंबरची ४ मिमी जाडीची असते. अमेरिकी पद्धतीत नेमके उलटे असून तिथली ८ नंबरची सुई ५ मिमी असते. परदेशी नमुना घेऊन गावातल्या दुकानातून नुसता नंबर सांगून सुया आणल्या, तर टोपी बाहुलीची तरी होईल किंवा हंड्याची तरी.

या कलेचा इतिहास सांगताना इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे सापडलेल्या, अंगठ्याची जागा वेगळी असलेल्या लाल मोज्यांचे छायाचित्र हमखास दाखवले जाते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असलेले हे मोजे इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकातले आहेत. पण ते नेढे असलेल्या एकाच सुईने धाग्याचे वेटोळे एकमेकांत ओवून केलेले आहेत, ते आजच्या अर्थाने विणलेले नव्हेत. खऱ्या विणीचे सर्वांत जुने नमुनेही इजिप्तमधलेच. ते पुढच्या काळातले, अकराव्या शतकापासूनचे असून, पांढऱ्या व निळ्या सुताच्या मोज्यांचे ते अवशेष आहेत. युरोपात मास्टर बर्ट्राम या जर्मन चित्रकाराच्या इ. स. १४००च्या सुमाराच्या, चर्चमधील वेदीसाठी काढलेल्या चित्रात येशूची आई मेरी अनेक सुयांवर एक लहान अंगरखा गोलाकार विणताना दिसते. इंग्लंडमध्ये १५७१ साली कायदाच झाला : सहा वर्षांवरील बहुतेक सामान्य जनांनी रविवारी आणि सणावाराला देशी लोकरीची विणलेली टोपी घातलीच पाहिजे, नाहीतर दंड. टोपीवाल्यांचा धंदा वाचवण्यासाठी केलेला हा कायदा लोकांनी फारसा मनावर घेतला नाही आणि १५९७ साली तो रद्द झाला. त्याच काळात, १५८९ साली, विल्यम ली याने नॉटिंगहॅमजवळ मोजे विणण्याचे यंत्र बनवले. मात्र ते यंत्र सपाटच विणत असे. त्यावरचे मोजे मागून शिवावे लागत. हाताला जे शतकानुशतके साधत होते ते यंत्राला जमायला आणखी सव्वादोनशे वर्षे लागली : गोल विणणाऱ्या यंत्राचे पेटंट मार्क ब्रुनेल याने १८१६ साली घेतले.

रचनेची सुरुवात मापाच्या चौकोनापासून होते. ज्या लोकरीने आणि ज्या सुईने काम करायचे तिनेच एक तुकडा विणून, धुऊन, वाळवून १० सेंमीमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात हे मोजतात. हा तुकडाही गोलच विणावा, कारण बहुतेकांच्या हाताला उलट टाका थोडा सैल पडतो आणि सपाट तुकड्याचे माप गोल कामाला लागू पडत नाही. हे काम कंटाळवाणे असल्याने बहुतेक जण टाळतात. अर्धी टोपी उसवण्याची वेळ येते ती बहुधा यामुळेच.

मोज्याचे गणित एका उदाहरणाने स्पष्ट होईल. चवड्याचा घेर २२ सेंमी आणि १० सेंमीत ३२ टाके असे माप धरले, तर घेराला ७० टाके लागतील. पण मोजा पायाएवढाच विणला तर तो सुरकुततो आणि बुटात गोळा होतो. म्हणून सुमारे दहा टक्के कमी करून ६४ टाके घेतात. हा आकडा मोज्यांच्या नमुन्यांत वारंवार भेटतो. त्याला २, ४, ८, १६ यांनी भाग जातो, म्हणून दोन सुलट-दोन उलट अशी बॉर्डर आणि आठ टाक्यांची नक्षी त्यात बरोबर बसते. तीन, पाच किंवा सहा टाक्यांची नक्षी हवी असेल तर ६० टाके सोयीचे. नक्षी आधी ठरवायची की टाके आधी, याचे उत्तर पायापाशी असते : पायाचा घेर बदलता येत नाही, नक्षी बदलता येते.

घोट्यापर्यंतची नळी सोपी. मोज्याची परीक्षा टाचेशी होते. वरून खाली विणत येताना ६४ पैकी ३२ टाके बाजूला थांबवून उरलेल्या ३२ टाक्यांवर सपाट विणीने ३२ ओळींचा पट्टा विणतात. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलल्याने पट्ट्याच्या दोन्ही कडांवर सोळा-सोळा साखळ्या तयार होतात. मग टाच वळवायची. १८ टाके सुलट विणायचे, पुढचे दोन एकत्र, आणखी एक सुलट, आणि बाकीचे ११ टाके तसेच सुईवर सोडून काम उलटायचे. मागच्या बाजूने एक टाका उचलायचा, पाच उलट विणायचे, दोन एकत्र, एक उलट, पुन्हा काम उलटायचे. जिथून ओळ अर्धवट सोडली तिथे एक फट दिसते. पुढच्या प्रत्येक ओळीत त्या फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका एकत्र विणून त्यापुढचा आणखी एक टाका विणत गेले, की दोन्ही बाजूंचे थांबलेले टाके हळूहळू आत ओढले जातात आणि १८ टाके उरेपर्यंत सपाट पट्ट्याला वाटीसारखा खोलगट आकार येतो. पहिल्यांदा विणणाऱ्याचा यावर विश्वास बसत नाही. कागदावर वाचून तर नाहीच. त्यानंतर कडेच्या साखळ्यांतून १६ आणि १६ टाके उचलले, थांबवलेले ३२ परत घेतले, की एकूण ८२ होतात. एक फेरा सोडून एका फेऱ्यात दोन टाके कमी करत नऊ वेळा गेले की पुन्हा ६४. या कमी होत जाणाऱ्या भागाने घोट्याखाली दोन्ही बाजूंना जो त्रिकोण पडतो, तो म्हणजे सदऱ्याच्या बगलेतली कळीच.

तळवा पुरेसा लांब झाला की बोटांकडे टाके कमी करत १६ वर आणतात आणि वरचे आठ व खालचे आठ टाके दाभणाने असे सांधतात की सांधा विणीचाच भाग वाटावा. या सांध्याला पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश युद्धमंत्री आणि त्याआधी १९०२ ते १९०९ या काळात भारतातील सरसेनापती असलेले लॉर्ड किचनर यांचे नाव मिळाले आहे. तो त्यांनीच शोधून काढला ही दंतकथा. पण ओल्या बुटात दिवसेंदिवस उभ्या राहणाऱ्या सैनिकाच्या बोटांना शिवणीचा वळ काचतो, ही अडचण खरी होती. उलट दिशेने, बोटांकडून वर विणत जाणारेही पुष्कळ आहेत. तुर्की मोजे तसेच विणले जातात. त्यात लोकर संपेपर्यंत नळी उंच नेता येते, हा मोठा फायदा.

टोपीत टाच नसते, पण माथा असतो. ५६ सेंमी घेराच्या डोक्याला ५२ सेंमीची टोपी घट्ट बसते. १० सेंमीत २० टाके धरल्यास १०४ टाके होतात. त्यांचे १३ टाक्यांचे आठ भाग पाडून, एक फेरा सोडून एका फेऱ्यात प्रत्येक भागातला एक टाका कमी करत जातात आणि शेवटच्या आठ टाक्यांतून धागा ओवून तोंड आवळतात. आठच का, याला भूमिती आहे. वर्तुळाची त्रिज्या एका एककाने घटली तर परीघ सुमारे ६.२८ एककांनी घटतो. विणीचा टाका जितका रुंद असतो त्याच्या साधारण सात दशांशच उंच असतो. म्हणजे माथा सपाट तबकडीसारखा हवा असेल तर दर फेऱ्याला सुमारे साडेचार टाके घटले पाहिजेत. एकाआड एक फेऱ्यात आठ म्हणजे सरासरी चार. यातून किंचित फुगीर, डोक्यावर बसणारा घुमट मिळतो. याहून सावकाश घटवले तर टोपीला शेंडी येते. पेरूमधील टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावरच्या टोप्या अशाच लांब शेंड्याच्या असतात. तिथे टोप्या पुरुष विणतात आणि टोपीच्या रंगावरून तो विवाहित की अविवाहित हे कळते. बेटाच्या वस्त्रकलेचा समावेश २००८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला. आपल्याकडची माकडटोपी ही क्रिमियन युद्धातल्या बालाक्लावाच्या लढाईचे (१८५४) नाव लागलेल्या टोपीची वंशज. तिच्यात माथ्यापासून गळ्यापर्यंत सगळी नळीच असून चेहऱ्यापुरती खिडकी ठेवलेली असते.

काउल म्हणजे दोन्ही टोके जोडलेला मफलर. तो अंगाबरोबर नव्हे तर सैल विणतात, त्याला टाच नाही नि माथाही नाही, त्यामुळे रचनाकाराला सगळा जीव नक्षीवर आणि कडांवर लावता येतो. नुसत्या सुलट विणीची कड गुंडाळली जाते. म्हणून वरखाली सुलट-उलट मिसळीची दोन-तीन सेंमीची पट्टी लागते. सगळ्याच गोल कामात पहिला फेरा जोडताना सुईवरचे टाके पिळलेले नाहीत ना हे पाहावे लागते, पण काउलमध्ये टाके जास्त असल्याने पीळ सहज पडतो आणि पाच-सहा फेऱ्यांनंतरच लक्षात येतो. असा चुकून पडलेला पीळ पूर्ण वळशाचा असतो, मोबियसच्या पट्टीसारखा (म्हणजे पट्टीला अर्धा पीळ देऊन टोके जोडल्यासारखा) अर्ध्या वळशाचा नव्हे. अर्ध्या वळशाचा, एकच कड असलेला खरा मोबियस काउल विणायला टाके मधोमध घालून दोन्हीकडे वाढवत जावे लागते. ही पद्धत कॅट बोर्डी या अमेरिकी विणकर्तीने लोकप्रिय केली.

लोकरीची निवड वस्तूवर ठरते. मोज्यांना घर्षण फार, म्हणून ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन हे मिश्रण रूढ आहे. अॅक्रिलिक स्वस्त आणि धुवायला सोपे, पण त्यावर गोळे येतात आणि पायाला घाम धरतो. टोपीला चालते, मोज्याला नाही.

भारतात या कामाची घट्ट परंपरा हिमालयात आहे. हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमधील केलाँग येथे १८५०च्या दशकात आलेल्या मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनऱ्यांपैकी मारिया हायडे यांनी तिथल्या स्त्रियांना सुयांवरचे विणकाम शिकवले आणि आज लाहौलच्या रंगीत मोज्यांना व हातमोज्यांना भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रात मेंढ्या आहेत, धनगरांच्या हातची घोंगडी आहे. पण दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि केसाळ असल्याने ती मागावर जाते, सुईवर येत नाही. इथल्या सुयांवर चढते ती प्रामुख्याने लुधियानाकडून आलेली गिरणीची लोकर. थंडीही बेताची असल्याने मोठ्यांसाठी मोजे विणणारे घर विरळाच. बाळंतविड्यात मात्र झबले-टोपडे आणि दुपट्याबरोबर लोकरीचे मोजे असायचेच. हे मोजे दोन सुयांवर सपाट विणून तळव्याखाली शिवायची चाल आहे. गोल विणले तर ती शिवण वाचते. त्यात टाचेचे वरचे सगळे गणित सोडून दिले तरी चालते, कारण तान्ह्या बाळाच्या टाचेला मोजा अडकून राहण्याइतका उभार नसतो. त्याऐवजी घोट्याशी सुईवर धागा घेऊन आणि दोन टाके एकत्र विणून बारीक भोकांची एक ओळ ठेवतात आणि तिच्यातून लोकरीचीच पिळलेली नाडी ओवतात.