मास्टहेड : पहिल्या पानावरचा झेंडा

जहाजाच्या डोलकाठीचे टोक म्हणजे मास्टहेड. तिथे झेंडा लागतो आणि जहाज कोणाचे ते दुरूनच कळते. वृत्तपत्राच्या पहिल्या पानाच्या माथ्यावरच्या नावाला हाच शब्द मिळाला आणि तो चपखल बसला.

सुरुवातीला ही जागाच नव्हती. सतराव्या शतकाच्या आरंभी निघालेली युरोपातली बरीच छापील वार्तापत्रे पुस्तकांसारखी दिसत. नावाला स्वतंत्र पान असे. १६६५मध्ये ‘ऑक्सफर्ड गॅझेट’ (पुढचे ‘लंडन गॅझेट’) एका सुट्या कागदावर, दोन स्तंभांत निघाले. नाव माथ्यावर गेले आणि त्याच्या खालीच बातम्या सुरू झाल्या.

या पट्टीची ताकद अमेरिकी मुद्रकांनी विशेष ओळखली. वसाहतींतल्या छापील कागदांवर कर बसवणारा ब्रिटिशांचा स्टॅम्प कायदा १ नोव्हेंबर १७६५ला लागू होणार होता. आदल्या दिवशी ‘पेनसिल्व्हेनिया जर्नल’ने अख्खे पहिले पान थडग्याच्या दगडासारखे रचले आणि वर कवटी छापली. १७७४मध्ये ‘मॅसॅच्युसेट्स स्पाय’साठी पॉल रिव्हिअरने ड्रॅगनशी झुंजणारा, तुकडे झालेला साप कोरला. तुकडे म्हणजे वसाहती, ड्रॅगन म्हणजे ब्रिटन.

माझ्या मते या परंपरेचा कळस म्हणजे विल्यम लॉइड गॅरिसन यांचे गुलामगिरीविरोधी ‘लिबरेटर’. १८३१च्या जानेवारीत सुरू झाले तेव्हा त्याचे नाव साध्या अक्षरांत होते. काही महिन्यांतच तिथे गुलामांच्या लिलावाचे चित्र आले : विक्रीला उभी केलेली माणसे, आणि फलकावर गुलाम, घोडे व इतर गुरे एकाच ओळीत. १८५०मध्ये हॅमट बिलिंग्ज यांनी ते नव्याने रेखाटले. एका बाजूला लिलाव, दुसरीकडे मुक्ती आणि मध्ये येशू. आत अग्रलेख कोणताही असो, त्याआधी वाचकाला दर आठवड्याला या चित्रासमोरून जावे लागे.

वृत्तपत्रांच्या नावांत अक्षरांचे गॉथिक वळण टिकले ते वेगळ्या कारणाने. इंग्लंडमध्ये पुस्तकांनी ही टोकदार, जाड अक्षरे सोडली, पण कायदे आणि फर्मानांत ती राहिली. साहजिकच त्यांना अधिकृतपणाचे वजन आले. म्हणूनच ३ ऑक्टोबर १९३२ला लंडनच्या ‘टाइम्स’ने मुद्राक्षरतज्ज्ञ स्टॅन्ली मॉरिसन यांच्या आग्रहाने गॉथिक सोडून साधी, रोमन वळणाची अक्षरे घेतली, तो निर्णय धाडसाचा होता. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने गॉथिक राखले, पण नावाच्या शेवटचा पूर्णविराम १९६७मध्ये काढला आणि अक्षररचनाकार एड बेंगिआट यांच्याकडून अक्षरे हलक्या हाताने पुन्हा घोटून घेतली. नावातला विरामचिन्हाचा एक ठिपकासुद्धा शतकभर टिकतो, इतकी वाचकाची नजर तिथे रुळलेली असते.

मासिकांना मात्र स्टॉलवरच्या गर्दीत उठून दिसायचे होते. ‘व्होग’च्या सुरुवातीच्या दशकांत चित्रकार मुखपृष्ठासोबत नावही दरवेळी नव्याने रेखाटत. १९३६मध्ये छायाचित्रांचे साप्ताहिक म्हणून अवतरलेल्या ‘लाइफ’ने उलट वाट धरली : कोपऱ्यात लाल चौकोन, त्यात पांढरी ठळक अक्षरे. पुढे मुखपृष्ठावरच्या व्यक्तीचे डोके नावावर चढवायची पद्धत पडली. दोन अक्षरे झाकली तरी वाचक उरलेल्या अक्षरांवरून अंक ओळखून उचलतो, एवढी खात्री झालेली मासिकेच हे करू धजतात.